दमयंतीताईंचे शेरे

चष्मा लावायच्या आधी त्या दोन्ही डोळ्यांवर तळवे ठेवायच्या. मनात दहापर्यंत मोजत असाव्यात.

खुर्चीत बसल्या तरी पाठ टेकायच्या नाहीत.

चहा बशीत ओतायच्या आणि विसरायच्या. मग गार झालेला चहा एका घोटात संपवून "आज कडक झालाय" म्हणायच्या.

"जेवलीस?" असं रोज विचारायच्या. उत्तराची वाट बघायच्या नाहीत.

संगणकावर पान उघडलं की वरून वाचत नसत. आधी तळाशी जायच्या, तिथलं नाव वाचायच्या, मग वर यायच्या.

'जतन करा'वर बोट दाबलं की लगेच उचलत नसत. दारावरची जुनी घंटा वाजवावी तसं दाबून धरायच्या.

साडेचारला पिशवी उचलायच्या. पान मधेच सोडून मात्र कधी उठल्या नाहीत.

दमयंती पालशेतकर आमच्या मंडळात आल्या तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. चौतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात, आधी टंकलेखक, मग लिपिक. लग्न केलं नाही. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला भावाच्या घरात एक खोली त्यांची होती. आई, बकुळा, बंदरावर मासळी घ्यायची आणि टोपली घेऊन शहरात दारोदार विकायची. त्या टोपलीवर दमयंतीताई अकरावी झाल्या, टायपिंग शिकल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांच्या भावाच्या सुनेने, श्रद्धाने, सांगितलं. सगळं झाल्यावर.

मंडळ म्हणजे मांडवीच्या रस्त्याला एका गोदामावरची खोली, दोन संगणक, पुस्तकांची चार कपाटं आणि हरिहर दामले सर. सर निवृत्त शिक्षक. घरची आंब्याची बाग. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी कॉलेजच्या मुलांना वह्या देऊन बंदरावर आणि वाड्यांवर पाठवलं, लोकांच्या बोलण्यातले शब्द गोळा केले. मासळीचे, पाण्याचे, कातळाचे, भाताचे. ते सगळं पुढे विकीवर चढवलं. विकी म्हणजे असं संकेतस्थळ, की त्याचं कुठलंही पान उघडून दुरुस्त करता येतं आणि कुणी काय दुरुस्त केलं याची नोंद राहते. आमच्या विकीचं नाव किनारकोश. एका शब्दाला एक पान. तीन हजार चारशे बारा पानं. प्रत्येक पानाच्या तळाशी शब्द सांगणाऱ्याचं नाव.

दोनशेच्या आसपास पानांच्या तळाशी बकुळा पालशेतकर हे नाव आहे. त्या जाऊन नऊ वर्षं झाली.

दमयंतीताई मंडळात पहिल्यांदा आल्या त्या कामाला नव्हे. 'भांग' या शब्दाचं पान वाचून आल्या होत्या. अष्टमीच्या सुमाराला समुद्राला येणारी कमी जोराची भरती म्हणजे भांग, असं त्या पानावर आहे. खाली त्यांच्या आईचं नाव.

"चुकीचं नाही," त्या सरांना म्हणाल्या. "पण अपुरं आहे. आई एवढंच म्हणत नसे."

"बघतो," सर म्हणाले.

त्या गेल्या. सरांनी बघितलं नाही. मी तेव्हा एम.ए. मराठी करून नुकतीच किनारकोशाच्या संपादनाला लागले होते. मीही बघितलं नाही.

दोन वर्षांनी सरांच्या मनात आलं की सांगणाऱ्यांच्या याद्या हव्यात. बकुळाबाईंच्या नावावर टिचकी मारली की त्यांनी सांगितलेले सगळे शब्द एकाखाली एक दिसले पाहिजेत. मी शौनकला फोन केला. तो माझा शाळेतला मित्र, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने तिथे बसून पंधरा मिनिटांत सगळ्या पानांचा साचा बदलला. याद्या तयार झाल्या. आत एकही शब्द नव्हता.

"साचा बदलला हे जुन्या पानांना कळलेलं नाही," तो म्हणाला. "प्रत्येक पान एकदा उघडायचं आणि काही न बदलता जतन करायचं. मग ते जागं होतं आणि यादीत जाऊन बसतं."

"संगणक आपणहून करत नाही?"

"करतो. बऱ्या सर्व्हरवर. तुमचा सर्व्हर म्हणजे, जाऊ दे."

"अरे, तीन हजार पानं आहेत."

"पुढच्या महिन्यात प्रोग्राम लिहून देतो. तोवर एखादा शांत माणूस बघ."

शांत माणूस कोण हे सरांना सुचलं. त्यांनी दमयंतीताईंना निरोप पाठवला. जानेवारीत त्या आल्या. पुढचा महिना आला आणि गेला. प्रोग्राम आला नाही. मीही परत मागितला नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना काम दाखवलं.

"काही बदलायचं नाही. उघडायचं, खाली यायचं, जतन करायचं."

"चूक दिसली तर?"

"तरी नाही. आत्ता नुसतं जतन."

"आणि हे काय?"

'जतन करा'च्या वर एक लांबट चौकट असते. तिच्यावर 'सारांश' असं लिहिलेलं असतं.

"ती मोकळी सोडली तरी चालते."

मी चपला घालून देवघरात शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शेऱ्याचा रकाना मोकळा? असं कसं गो बाय? असू दे. काय लिहायचं ते मी बघते."

हे मी ऐकलं. त्यात काही बिघडेल असं मला वाटलं नाही.

कार्यालयात शिकलेली गोष्ट त्यांनी मला एकदा डबा खाताना समजावली. "कागद आपला नसतो. साहेबांचा असतो. आपण त्याला हात लावायचा नाही. बाजूला शेरा मारायचा, तारीख टाकायची, फाइल वर पाठवायची. पटलं तर साहेब बदलतात."

"आणि नाही पटलं तर?"

"तरी शेरा राहतो ना. पुढला माणूस वाचतो."

मूळ पान तसंच ठेवायचं आणि आईचं म्हणणं शेऱ्यात लिहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी सांगितलेला नियम त्यात मोडत नव्हता. त्यांना हवी ती गोष्टही त्यात होत होती. कधीतरी सर ते शेरे वाचतील आणि आईचे शब्द पुरे होतील. त्यासाठीच त्या येत होत्या. आईच्या नावाची यादी लागणं ही वरकड गोष्ट होती.

पान नुसतं जतन करायला अर्धं मिनिट पुरतं. त्यांची दिवसाला नऊ-दहा पानं व्हायची. चौतीस वर्षं टायपिंग केलेली बाई, बोटं बघावीत तर कळफलकावर दिसतसुद्धा नसत. तरी नऊ-दहाच. मी कधी उठून बघितलं नाही.

"दमयंतीबाई, पान जतन करताय की मुरांबा घालताय?" सर विचारायचे.

"शेऱ्यात आहे सर सगळं."

"हो हो. बघतो सावकाश."

हे आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. आम्ही तिघंही हसायचो.

जुलैत रोज वीज जायची. लिहिता लिहिता पडदा काळा झाला तर त्या हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. वीज आली की तेच पान उघडून तोच शेरा पुन्हा लिहायच्या. घरी जायच्या वेळी कमरेला हात लावून जिना उतरायच्या, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत. ऑगस्टमध्ये डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यासमोर कमी बसायला सांगितलं. त्यांनी डब्याची सुट्टी दहा मिनिटांनी वाढवली. तेवढंच.

मी एकदा म्हटलं, "आईचे शब्द मी शोधून देते. ते आधी करून टाका."

"नको. 'अ'पासून धरलंय. रांगेत येतील तेव्हा येतील. तीही मासळीच्या लिलावाला रांगेतच उभी राहायची."

नोव्हेंबरच्या एका सोमवारी त्या 'भांग'वर आल्या. त्या दिवशी दुसरं पान झालं नाही. साडेचारला पिशवी उचलली आणि माझ्या टेबलाशी थांबल्या.

"मृणाली, आज 'भांग' झाला. हा एक शेरा सरांना दाखव. बाकीचे सवडीने बघा. हा मात्र आज."

अकरा महिन्यांत त्यांनी काही मागितलेलं हे पहिलंच. त्या गेल्यावर मी पान उघडलं. पानाचा इतिहास उघडला. त्यात दोन ओळी होत्या. पान कुणी चढवलं ती एक, कुणीतरी स्वल्पविराम दुरुस्त केला ती दुसरी. दोन्ही जुन्या.

मला वाटलं, त्या जतन करायला विसरल्या. पण बकुळाबाईंच्या यादीत 'भांग' आला होता. म्हणजे जतन झालं होतं. मी त्याच्या आधीचं पान उघडलं. शेरा नाही. त्याच्या आधीचं. नाही. 'क'मधलं एक, 'अ'मधलं एक. मग दमयंतीताईंच्या नावाचं पान उघडलं, त्यांनी आजवर काय काय केलं ते दाखवणारं. एकही बदल सापडला नाही, असं तिथे लिहिलेलं होतं.

शौनकला फोन लावला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "काही बदललंच नाही तर नोंद कशाची करणार?"

"शेरा लिहिला होता रे."

"तो बदलाचा सारांश असतो. बदल नाही तर सारांशही नाही. टाकून देतं ते."

"कुठे टाकतं?"

"कुठे म्हणजे? कुठेच नाही. एम.ए. बाई, ते काय केराची बादली उपडी करून मिळणार आहे?" मग त्याने विचारलं, "किती होते?"

"दोन हजार चारशे एकतीस."

"मी तो प्रोग्राम लिहायला हवा होता," म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दमयंतीताईंनी विचारलं, "दाखवलास?"

"सर बागेत फवारणीला गेलेत."

बुधवारी मी "बघतायत" म्हटलं. त्या मान हलवून बसल्या आणि पुढचं पान उघडलं. मी शेजारच्या खुर्चीवरून बघत होते. त्या लिहीत होत्या. मधे थांबत होत्या, ओठ हलवून काहीतरी आठवत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. मग बोट दाबून धरत होत्या. प्रत्येक वेळी चौकट रिकामी होत होती. त्या तीन दिवसांत आणखी सत्तावीस पानं झाली.

शुक्रवारी सर आले. मी दोघांसमोर सांगितलं.

दमयंतीताईंनी चष्मा काढला.

"म्हणजे पान जतन झालं. शेरा नाही."

"हो."

"एकही नाही?"

"नाही."

"आणि आईची यादी?"

"ती लागली. 'भ'पर्यंतचे सगळे शब्द आलेत."

"ते बरं झालं."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. "चूक माझी आहे, दमयंतीबाई. मी एकदा तरी उघडून बघायला हवं होतं."

"वर्षभर बघतोच म्हणत होतात, सर." आवाजात राग नव्हता. जिना उतरताना असायचा तसा थकलेला आवाज होता. मग माझ्याकडे वळल्या. "मग मी इतके दिवस कुणाला सांगत होते गो?"

मी म्हटलं, "आता सरळ पानातच लिहा. तुम्हाला कुणाला विचारायला नको."

"लिहा," सर म्हणाले. "मी सांगतो, लिहा."

"तेव्हा सांगायचंत." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आता वहीत लिहीन. तुम्ही वाचायचं, खाली सही करायची. मग ही चढवेल."

"करतो सही."

"तारखेसकट."

"तारखेसकट, वेळेसकट. हवं तर शिक्का करून घेतो."

त्या हसल्या. सर हसले नाहीत.

सोमवारी त्या दोनशे पानी वही घेऊन आल्या. संगणक सुरू केला नाही. मी छापून दिलेली शब्दांची यादी शेजारी ठेवली आणि 'अ'पासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी अकरा शब्द झाले. घरी जाताना म्हणाल्या, "अर्ध्यांचं काही आठवत नाही."

"हळूहळू आठवेल."

"नाही आठवायचं. एकदा लिहिलं की डोक्यातून उतरतं. कार्यालयातही तसंच. शेरा मारला की फाइल विसरायची. म्हणून तर मारायचा."

ती वही आता माझ्याकडे आहे. त्यातलं थोडं उतरवते.

'उधाण'. आईच्या बोलण्यात उधाण माणसालाही यायचं. भाऊ चिडला की म्हणायची, ह्याचं उधाण दोन दिवसांत उतरतं, वाढा त्याला.

'ओहोटी'. इथे शेरा होता. आठवत नाही.

'कातळ'. शेरा होता. दुपारी अनवाणी येण्याबद्दल होता. पुढचं आठवत नाही.

'कालवं'. थंडीत कालवं फोडताना आईच्या बोटांना चिरा पडायच्या. त्या चिरांना ती एक शब्द वापरायची. तो शब्द इथे लिहिला होता.

हा शेरा वाचून मी विचारलं, "तो शब्द आणखी कुणाला माहीत असेल?"

"कालवं फोडायला आईबरोबर बसणाऱ्या दोघी होत्या. एक गेली. दुसरी लांज्याला लेकाकडे असते."

रविवारी त्या एसटीने लांज्याला जाऊन आल्या. सोमवारी मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ओळखलं नाही तिने मला. मी जवळ बसले तर म्हणते, कोळंबी ताजी आहे, घेतेस तर घे, नायतर सावली सोड."

"मग?"

"मग काय? घेतली म्हटलं आणि आले."

त्या दिवशी वहीत एकही शब्द झाला नाही.

एकदा मी धीर करून म्हटलं, "'भांग' आधी लिहून टाका ना. तो तर अलीकडचा आहे."

"तो मला पाठ आहे. रांगेत आला की लिहीन."

"निदान मला सांगा तरी काय होतं."

"तीन वर्षांपूर्वी तोंडीच सांगायला आले होते मी." एवढं म्हणून त्यांनी वही पुढे ओढली. मी पुन्हा विचारलं नाही.

डिसेंबरअखेर 'क' संपला. सर दर शनिवारी वही घेऊन बसायचे. मोठ्याने वाचायचे, प्रत्येक शेऱ्याखाली सही करायचे, तारीख टाकायचे. 'आठवत नाही' लिहिलेल्या शेऱ्यांखालीही करायचे. तिथे सही नको, असं मी एकदा म्हणणार होते. दमयंतीताई त्या सह्या एकेक तपासत होत्या.

जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी त्या आल्या नाहीत. अकरा वाजून गेले. साडेअकराला श्रद्धाचा फोन आला. सकाळी अंघोळीचं पाणी काढताना पडल्या. रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. सासरे बाहेर उभे आहेत, आत कुणाला काही सुचत नाही, तुम्ही या, म्हणाली. मी गेले. काय करायचं ते मलाही सुचलं नाही. मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. कुणीतरी मला बस म्हणालं. मी बसले.

तेराव्यानंतर श्रद्धाने वही आणून दिली. तिनेच मग टोपलीचं आणि अकरावीचं सांगितलं. मी तिला, तिच्या सासऱ्यांना, शेजारपाजारच्या चार घरांना विचारलं, बकुळाबाई भांग कशाला म्हणायच्या? सगळ्यांनी तेच सांगितलं, जे पानावर आहे. श्रद्धाचे सासरे वर म्हणाले, "आणि काय असणार त्यात?"

शौनकने त्याच आठवड्यात प्रोग्राम पाठवला. मी मागितला नव्हता. 'भ'च्या पुढची उरलेली सगळी पानं त्याने उघडली आणि काही न बदलता जतन केली. अकरा मिनिटं लागली. बकुळाबाईंची यादी पुरी झाली. एकशे शहाण्णव शब्द.

वही 'ख'मध्ये थांबली आहे. शेवटच्या पानावर मंगळवारची तारीख आहे. त्याखाली 'खाजण', म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची जमीन, हा शब्द आणि अर्धाच राहिलेला शेरा असा: पान बरोबर. आई खाजणातून यायला भ्यायची, पण भीती पाण्याची नव्हे, ती म्हणायची की तिथे